हाताची घडी

तिघऱ्याच्या धरणावर आमची एकच मोटरबोट, टिटवी.
चाळीस घोड्यांचं इंजिन, तीन वर्षांची वॉरंटी
आणि वॉरंटीचं पुस्तक इंजिनाहून जास्त जपलेलं:
पुस्तक पिशवीत, पिशवी डब्यात,
डबा तिकीटखिडकीखालच्या कपाटात,
किल्ली माझ्या कमरेला.

पुस्तक म्हणतं,
पहिली सर्व्हिस वीस तासांनी,
नंतर दर शंभर तासांनी किंवा दरवर्षी,
जे आधी येईल ते.
आमच्याकडे वर्षच आधी यायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात सांक नदी आटली.
टिटवी चिखलात तिरपी पडलेली,
तिच्या सावलीला कुणाचं तरी गाढव.
तरीही भोपाळहून मिस्त्री आला
आणि न चाललेल्या इंजिनाचं तेल बदलून गेला.
तेल, गिअरचं तेल, तीन प्लग,
पाणी खेचणारा रबरी पंखा, एक नग,
जाण्यायेण्याचं भाडं निराळं, जेवण निराळं,
सगळ्यावर अठरा टक्के.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हटलं.
त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हटलं.
त्याने शिक्का मारला. शाई ओली होती,
मी फुंकर घालत बसले.

हरविलास बाथम हे सगळं लांबून बघायचा.
त्याचे आजोबा या पाण्यात शिंगाडे लावायचे,
बाप वल्ह्याची नाव चालवायचा,
आणि हा नुसत्या आवाजावरून सांगतो
कुठल्या प्लगला काजळी धरली आहे.
पण झाकण उघडलं की वॉरंटी गेली,
परक्याचा पाना लागला की वॉरंटी गेली.
परका म्हणजे हा.
मी त्याला बजावलं होतं:
हाताची घडी, तोंडावर बोट.
तो हसला. म्हणाला, "कुठली बोट, बाई?
एकच तर आहे."
(तो हिंदीत बोलतो, मी मराठीत ऐकते;
ग्वाल्हेरात हे असंच चालतं.)

तीन वर्षं तो इंजिनाशेजारी
दुसऱ्याच्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबावं
तसा थांबला.

वॉरंटी संपली त्या दिवशी मंगळवार होता, बोटिंग बंद.
हरविलासने जुनी चादर अंथरली,
दहा नंबरचा पाना डोक्यावरच्या गमछाला पुसला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी किल्ली मुठीत धरली, उगाचच.
"उघड," म्हटलं.

खाली, पाण्यात बुडतो त्या भागात
पंखा सापडला.
रबर कडक, पाती एकाच बाजूला वाकलेली,
दोन मोडलेली, एक नाहीच.
"हा नव्या इंजिनाबरोबर आलेला," तो म्हणाला.
"हा कुणी कधी काढलेलाच नाही."
माझ्याकडे तीन बिलं. तीन बिलांत तीन पंखे.
आत एकच.

मी कंपनीला फोन लावला.
एका गोड बाईने सांगितलं
की आपल्या वॉरंटीची मुदत कालच संपली आहे,
वाढवून हवी असल्यास एक दाबा.

"तुला ठाऊक होतं?"
"पहिल्या वर्षापासून. बाजूच्या भोकातून
पाण्याची धार बारीक पडत होती."
"मग बोलला का नाहीस?"
त्याने हाताची घडी घातली,
मग एक हात सोडवून
बोट तोंडावर ठेवलं.

नवा पंखा दौलतगंजातून आणला. बिल आठशे चाळीस.
जुना खिडकीच्या कट्ट्यावर पडून असतो;
परवा एका मुलीने विचारलं, हे कसलं फूल?
तिकीट फाडता फाडता मी म्हटलं, महागातलं.

डब्यातलं पुस्तक मी अजून काढते, सवय गेली नाही.
काल लिहिलं: तास दोनशे एकतीस, तेल ठीक,
धार जाड.
पुढे शिक्क्यासाठी चौकोन आहे.
तो मी हरविलासपुढे सरकवला.
त्याने बराच वेळ बघितला,
अंगठ्याला इंजिनाचं तेल होतं, ते पुसलं,
आणि म्हणाला, "राहू द्या. आधी
चालवून बघू."